साठोत्तरी अनियतकालिकं आणि छोट्या प्रकाशनांचा संग्रह : पारख, खरेदी, जपणूक

खिळेजुळारी
'शब्द', 'अथर्व', 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त' ही अनियतकालिकांची, म्हणजे ठरावीक वेळ न पाळता निघणाऱ्या छोट्या वाङ्मयीन नियतकालिकांची नावं इथे सगळ्यांना पाठ आहेत. प्रत्यक्ष अंक हातात घेऊन तो खरा आहे का, पुरा आहे का, कधीचा आहे, हे सांगता येणारे मात्र फार थोडे. 'सत्यकथा' मासिक आणि मौज प्रकाशन यांच्या रुळलेल्या वाटेबाहेर जे छापलं गेलं, ते बहुतेक सायक्लोस्टाइलवर (स्टेन्सिलमधून प्रती काढायच्या यंत्रावर) नाहीतर गल्लीतल्या छोट्या छापखान्यात, उधारीच्या कागदावर निघालं. त्यातलं बरंचसं रद्दीत गेलं. जे उरलंय त्याला आता चांगली किंमत येते, आणि किंमत आली की झेरॉक्स प्रती 'मूळ अंक' म्हणून फिरू लागतात. म्हणून हा धागा.

सोयीसाठी तीन गट धरू. पहिला, मराठी अनियतकालिकं. दुसरा, त्यांच्याच आसपासची पुस्तकं : अशोक शहाण्यांचं प्रास प्रकाशन, औरंगाबादचं वाचा प्रकाशन वगैरे. तिसरा, मुंबईतल्या इंग्रजी कवींची स्वतःची प्रकाशनं : १९७६चं क्लिअरिंग हाऊस, १९७८चं न्यूग्राउंड, आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रांची अलाहाबाद-मुंबईची सायक्लोस्टाइल नियतकालिकं. हे गट वेगळे काढून चालत नाहीत. कवी अरुण कोलटकर तिन्हीकडे आहेत. त्यांची 'द बोटराइड' ही कविता आधी मेहरोत्रांच्या 'डॅम यू'च्या सहाव्या अंकात आली, १९६८ साली. न्यूयॉर्कच्या एड सँडर्सच्या सायक्लोस्टाइल नियतकालिकावरून प्रेरणा घेऊन अलाहाबादच्या पोरांनी काढलेलं हे नियतकालिक. फक्त मराठी जमवीन म्हणणाऱ्याच्या हातून असे दुवे निसटतात.

रद्दीशोधक
कुठे मिळतं, यावर थोडं. फोर्टातला फुटपाथ आता पूर्वीसारखा राहिला नाही आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला मुख्यतः अभ्यासाची पुस्तकं आणि इंग्रजी कादंबऱ्या. अनियतकालिकं सुटी विकायला फारशी येतच नाहीत. ती दुसऱ्या कशात तरी अडकलेली येतात : निवृत्त प्राध्यापकांच्या घरातून निघालेले दिवाळी अंकांचे गठ्ठे, बंद पडलेल्या वाचनालयांची पोती, कॉलेजच्या जुन्या वार्षिकांची चळत. सोळा पानी पिनांचा अंक जाड दिवाळी अंकाच्या पोटात सरकून बसतो आणि रद्दीवाल्यालाही त्याचा पत्ता नसतो. गठ्ठा घेताना प्रत्येक जाड अंक पाठीवर धरून पानं हळूच सोडून बघा. उलटा धरून झटकू नका, सुटं पान असलं तर तिथेच फाटेल.

रद्दीवाल्याला नावं सांगून ठेवण्यात अर्थ नाही, त्याच्या ती लक्षात राहत नाहीत. वर्णन सांगा : 'पातळ, पिना मारलेलं, हाताने लिहिल्यासारखी छपाई, कविता.' हे त्याला बरोबर कळतं.

जुनी_पानं
मूळ सायक्लोस्टाइल आणि त्याची जुनी झेरॉक्स यात फरक कसा करायचा? ऐंशीच्या दशकातली झेरॉक्सही आता पिवळी पडली आहे, त्यामुळे कागदाच्या रंगावरून काही ठरत नाही.

खिळेजुळारी
रंगावर जाऊच नका. दहापट भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं चालेल, आणि एक टॉर्च.

सायक्लोस्टाइलची शाई कागदात मुरलेली असते. मेण चढवलेल्या स्टेन्सिलला टाइपरायटरने किंवा लोखंडी लेखणीने भोकं पडतात आणि त्यातून शाई खालच्या कागदावर झिरपते. म्हणून कागद मुद्दाम शोषक, बिनखळीचा घेत. भिंगाखाली अक्षराची कड दोऱ्यांत पसरलेली दिसते, काळेपणा एकाच अक्षरात कमीजास्त असतो. झेरॉक्समध्ये काळी भुकटी उष्णतेने वितळून कागदावर बसते. टॉर्च तिरपा धरला की ती चकाकते, आणि अक्षरांच्या मधल्या कोऱ्या जागेत बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. घडीवर झेरॉक्सची अक्षरं पापुद्र्यासारखी सुटतात. मुरलेली शाई तशी सुटत नाही.

दुसरी खूण देवनागरीची खास. मशीनवर टाइप केलेल्या स्टेन्सिलवर 'व', 'ब', 'ठ' यांच्या पोटातला मेणाचा तुकडा ठोका जोरात बसला की गळून पडतो, आणि छापताना ते पोट भरून काळा ठिपका उमटतो. हाताने लिहिलेल्या स्टेन्सिलवर शिरोरेषा सलग ओढली तर स्टेन्सिल त्याच रेषेत चिरतो, म्हणून जाणते लोक शिरोरेषा तोडून तोडून देत किंवा देतच नसत. तरी चिरला की त्या ओळीवर शाईचा ओघळ येतो. शिवाय ड्रमवर चढवताना पडलेली सुरकुती छपाईत केसासारख्या वाकड्या रेघेने उतरते, आणि एकदा पडली की पुढच्या सगळ्या प्रतींत त्याच जागी राहते. दोन प्रती शेजारी ठेवा. सुरकुतीची रेघ तिथेच पण दुसऱ्या प्रतीत जास्त जाड, कडेची अक्षरं जास्त भरलेली, असं असेल तर दोन्ही एकाच स्टेन्सिलच्या आणि दुसरी नंतरची. झेरॉक्समध्ये असा फरक पडत जात नाही.

अजून एक. समोरच्या पानाच्या पाठीवर उलटी अक्षरं फिकट उमटलेली दिसली तर ती चांगली खूण समजा. ओली शाई वाळायच्या आत कागद रचल्यामुळे ते होतं.

खिळेछपाईचं, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून केलेल्या छपाईचं, सोपं आहे. पान मागून तिरप्या उजेडात बघा, अक्षरांचे उठाव दिसतात. बोट फिरवूनही कळतात. ऑफसेटला पाठ सपाट. अक्षरांच्या जागी काही ठिकाणी खिळा झिजलेला किंवा वाकडा बसलेला दिसतो, रफार-मात्रा मोडलेल्या असतात. छोट्या छापखान्यात खिळे अपुरे पडत, त्यामुळे एकाच पानात दोन जातींचा टाइप मिसळलेला सापडतो. त्यावरून तो अंक नकली ठरवू नका.

फोर्टकर
वर्षाबद्दल. अंकावर तारीख नसणं हे या वाङ्मयात नेहमीचं. तेव्हा बाकीच्या खुणा लावायच्या :

पत्ता बघा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. '१९६७चा अंक' म्हणून दिलेल्या वस्तूवर 'मुंबई ४०० ०१४' असेल तर ती छपाई १९७२च्या आधीची असूच शकत नाही. त्याआधी नुसतं 'मुंबई १४' असे. उलट मात्र धरू नका : पिनकोड नाही म्हणजे १९७२च्या आधीचं, असं सिद्ध होत नाही. लोक कितीतरी वर्षं जुनाच पत्ता छापत राहिले.

किंमत बघा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. किंमत आण्यांत असेल तर त्या सुमाराची किंवा आधीची.

मुद्रक-प्रकाशकाची ओळ शोधा. १८६७च्या कायद्याने छापील पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण टाकणं सक्तीचं होतं. शेवटच्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात असते. मुद्रकांची नावं वहीत उतरवून ठेवा. तोच छापखाना, तोच मोडका खिळा तारीख असलेल्या दुसऱ्या अंकात सापडला की काळ बराच आवळता येतो.

टपालाचा शिक्का. बरेच अंक घडी घालून, मागच्या पानावर पत्ता लिहून बुकपोस्टाने जात. शिक्का वाचता आला तर त्या तारखेपूर्वी अंक छापून झाला होता हे नक्की. म्हणून पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली प्रत 'खराब' समजून सोडू नका. माझ्या मते तीच जास्त मोलाची. फक्त कोणाचा खाजगी पत्ता असलेला फोटो इथे टाकताना तो झाका.

आता क्लिअरिंग हाऊस. पहिली चार पुस्तकं १९७६ची : कोलटकरांचं 'जेजुरी', आदिल जस्सावालांचं 'मिसिंग पर्सन', मेहरोत्रांचं 'नाइन एन्क्लोजर्स' आणि गीव्ह पटेलांचं 'हाउ डू यू विथस्टँड, बॉडी'. मुखपृष्ठं कोलटकरांची. चौघांनी आपली पुस्तकं आपणच काढली, मोठ्या प्रकाशकाची वाट बघितली नाही. हे चार एकत्र जमवण्यात जी मजा आहे ती एकट्या 'जेजुरी'त नाही. 'जेजुरी' घेताना मलपृष्ठ आणि आतला मजकूर नीट वाचा. पुस्तकाला राष्ट्रकुल कविता पुरस्कार १९७७चा आहे. त्याचा उल्लेख कुठेही असेल तर ती १९७६ची छपाई नव्हे, विक्रेता काहीही सांगो. पुढे इंग्रजी 'जेजुरी' प्रासनेही काढलं, आणि मराठी 'जेजुरी' प्रासचंच, पण २०११चं. ऑनलाइन जाहिरातीत या सगळ्यांचा काला केलेला असतो. घेण्याआधी मुखपृष्ठ, नामपृष्ठ आणि नामपृष्ठाची पाठ असे तीन फोटो मागा. पाठीचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

प्रासची सोपी यादी : 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७, 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' २००३, 'द्रोण' २००४, इंग्रजीत 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्प सत्र' २००४. तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) २००७पासून लागू झाला. तो छापलेला दिसला की ती नंतरची छपाई.

रद्दीशोधक
पानं पुरी आहेत का, हे बघायचंही लिहा कोणीतरी. मधोमध पिना मारलेल्या अंकात पानांची संख्या चारच्या पटीत असते. मुखपृष्ठ सोडून ३० पानं भरली तर एक कागद, म्हणजे दोन पानं, गेलीत. आकडे नसतील तर मधलं पान उघडा, पिनेच्या दोन्ही बाजूंचे कागद मोजा, दोन्हीकडे सारखे हवेत. कडेला पिना मारलेल्या फुलस्केप अंकांना हा नियम लागत नाही, तिथे अनुक्रमणिका आणि अर्धवट तुटलेली कविता हाच पुरावा.

मापही घ्या. कागदाच्या मापांत डेमी एक-अष्टमांश म्हणजे कापून साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, क्राउन पाच बाय साडेसात. माप अर्ध्या इंचाने कमी भरलं तर बाइंडरने कडा कापल्यात. समासातला मजकूर, कधी चित्राची कड, त्यात जाते.

कसरवैरी
आता टिकवण्याचं. इथे सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने केलेल्या दुरुस्तीतून होतं.

पहिला शत्रू पिना. लोखंडी पिना दमट हवेत गंजतात, गंज कागदात उतरतो आणि पिनेभोवतीचा कागद जळल्यासारखा तपकिरी होऊन तुटतो. काढायची रीत : अंक मधोमध उघडा, पिनेचे वळवलेले पाय आतल्या बाजूला असतात. पाय आणि कागद यांच्यामध्ये आधी पातळ प्लास्टिकचा तुकडा सरकवा. मग बोथट पातळ पात्याने पाय सरळ उभे करा आणि अंक बंद करून पाठीकडून पिन सरळ ओढा. पाय कागदाला चिकटले असतील तर जोर करू नका. पाय मधेच कापा आणि तुकडा तुकडा काढा. पिनरिमूव्हरचे जबडे अजिबात वापरू नका. पिना काढल्या की त्याच भोकांतून पक्क्या, न रंगवलेल्या सुती किंवा लिननच्या दोऱ्याने टाका घाला. नवीन भोकं पाडायची नाहीत. काढलेल्या पिना छोट्या पाकिटात नोंद करून ठेवा.

फाटलेलं पान : सेलोटेप नको, कुठल्याही कंपनीची. तिचा चिकट थर पाच-दहा वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि पट्टी गळून पडली तरी डाग जात नाही. फेविकॉलही नको, तो वाळला की परत सुटत नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ करा. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक दाट होईपर्यंत. गार झाल्यावर चाळणीतून दोनदा घासून काढा आणि लागेल तेवढी पाण्याने पातळ करा. जपानी टिश्यू, चौरस मीटरला पाच ते नऊ ग्रॅमचा, कात्रीने न कापता ओल्या ब्रशची रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेला दोरे सुटतात आणि जोड उठून दिसत नाही. वर-खाली टिपकागद, त्यावर वजन, किमान एक रात्र. सायक्लोस्टाइलच्या कागदाला मात्र आधी कोपऱ्यात पाण्याचा थेंब लावून बघा, बिनखळीचा कागद डाग धरतो. पाणी पसरून कड उमटली तर खळ अगदी घट्ट आणि अगदी थोडी.

आपले जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. ती पद्धत अनियतकालिकांना मुळीच लावू नका. मोरचुदातलं तांबं कागदाचं सडणं वेगाने वाढवतं. आधीच बांधलेल्या खंडांच्या पुठ्ठ्याकडच्या पानांवर हिरवट-तपकिरी पट्टा दिसतो तो त्याचाच.

कसर आणि झुरळं खळ, डिंक, सरस यांवर येतात. नवा आणलेला गठ्ठा थेट कपाटात घालू नका. पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड बंद करा, घरच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट कागदावर जमतं. मग परत एक आठवडा, कारण काही अंडी पहिल्या फेरीत वाचतात. बुरशीवर याचा उपयोग नाही, थंडीने ती मरत नाही, नुसती थांबते. बुरशीचा अंक सावलीत वाऱ्याला पूर्ण वाळवून, तोंडाला एन-९५ लावून, मऊ ब्रशने घराबाहेर झाडा. उन्हात टाकू नका.

ठेवायला : मुंबई-कोकण-गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. हवाबंद तीस लिटरच्या डब्यात साधारण २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४५ ते ५५मध्ये राहू दे. चाळीसच्या खाली गेला तर जेल अर्धं काढा, जीर्ण कागद फार कोरडा झाला की घडीवर तुटतो. जेलचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. डांबराच्या गोळ्या टाकू नका. वास जात नाही आणि श्वासालाही त्रास. पाकिटं पॉलिएस्टरची घ्या, पीव्हीसीची नकोत. पीव्हीसी वर्षानुवर्षं चिकट होत जातं आणि शाई त्याला चिकटून निघते.

जुनी_पानं
सगळे अंक एकत्र बांधून कापडी खंड करणं चूक आहे, असं तुमचं म्हणणं दिसतं. पण सुटे सोळा पानी अंक हरवतात, आणि संस्थांनी बांधलेले खंडच आज वाचायला मिळतात, हेही खरं.

कसरवैरी
संस्थेला बांधणं भाग होतं, शेकडो हातांतून जायचं होतं. घरच्या संग्रहाला ती गरज नाही. बांधताना मुखपृष्ठं काढून टाकतात, कडा कापतात, कडेने टाका मारतात आणि आतला समास गिळला जातो. अनियतकालिकाचं मुखपृष्ठ म्हणजे त्याचा अर्धा जीव. हरवण्याचा प्रश्न असेल तर प्रत्येक अंक स्वतःच्या आम्लमुक्त पाकिटात, पाकिटं उभी, पुठ्ठ्याच्या पेटीत, पाकिटावर पेन्सिलीने नाव.

खिळेजुळारी
सहमत. एकच भर : आधीच बांधलेला खंड हाती आला तर तो उसवू नका. कोणी, कोणत्या क्रमाने बांधला, आत काय कात्रणं चिकटवली, यालाही पुरावा म्हणून मोल आहे.

कायदावाचक
अश्लीलतेच्या कायद्याबद्दल दरवेळी गोंधळ होतो, म्हणून नेमकं लिहितो. भारतीय दंडसंहितेचं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झालंय, १ जुलै २०२४पासून. गुन्हा आहे तो विक्री, भाड्याने देणं, वाटप, जाहीर प्रदर्शन आणि त्यासाठी जवळ बाळगणं. स्वतः वाचायला घरात ठेवणं त्यात येत नाही. पण तुम्ही दुबार प्रती विकू लागलात की संग्राहकाचे विक्रेते होता, हे लक्षात ठेवा. परदेशातून मागवताना आणखी एक अडथळा : अश्लील पुस्तकांच्या आयातीवर सीमाशुल्क कायद्याखाली १९६४पासून बंदी आहे, आणि पार्सल उघडणारा अधिकारी काय अश्लील मानेल ते सांगता येत नाही.

जुने निकाल संग्राहकाने वाचलेच पाहिजेत. १९६४चा रणजित उदेशी खटला मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यांवरचा, त्यात शिक्षा कायम झाली. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातली, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली लेखकाला सोडलं. वसंत दत्तात्रय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता प्रासने पोस्टर म्हणून काढली होती, खटला मात्र झाला १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या बुलेटिनमध्ये ती परत छापल्यावर. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने माफी मागितलेल्या प्रकाशक-मुद्रकाला मोकळं केलं, कवीवरचा खटला तसाच ठेवला. त्यामुळे पोस्टर आणि बुलेटिन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. विक्रेता 'बंदीवाली कविता' एवढंच म्हणत असेल तर कुठली छपाई ते विचारा.

फोर्टकर
स्कॅन करून टाकण्याविषयीही सांगा. दर आठवड्याला कोणीतरी पीडीएफ मागतं.

कायदावाचक
स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. कोलटकर २००४ साली गेले, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. दिलीप चित्रे २००९, म्हणजे २०६९. नामदेव ढसाळ २०१४, म्हणजे २०७४. टोपणनावाने छापलेल्या आणि लेखक कधीच उघड न झालेल्या मजकुराला प्रकाशनापासून ६० वर्षं. तेव्हा साठच्या दशकातल्या काही निनावी कविता खुल्या झाल्या असतील, बाकी बहुतेक नाही. अनुक्रमणिका, मुद्रकाची ओळ, मापं, मुखपृष्ठाचा छोटा फोटो, एवढं टाकायला अडचण येऊ नये, आणि अभ्यासकाला निम्म्या वेळा तेवढंच हवं असतं.

खिळेजुळारी
स्वतःसाठी स्कॅन करताना ६०० डीपीआय, रंगीत, टिफ. काळं-पांढरं करू नका, स्टेन्सिलची सुरकुती आणि गंजाचा डाग नाहीसा होतो. पान काचेवर दाबायला लागत असेल तर स्कॅनर सोडा, वरून कॅमेऱ्याने दोन्ही बाजूंना सारखा उजेड देऊन घ्या.

रद्दीशोधक
बडोद्याच्या 'वृश्चिक'बद्दल एक विचारायचंय. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर या चित्रकारांनी १९६९ ते १९७३ काढलेलं नियतकालिक. त्यातले लिनोकट (लिनोलियम कोरून छापलेली चित्रं) आता सुटे चौकटीत घालून विकायला येतात. घ्यावेत का?

फोर्टकर
अंक मोडून काढलेले असतील तर घेऊ नयेत. एक घेतला की विक्रेता दुसरा अंक मोडतो. चौकटीतून काढायला लावा आणि डावी कड बघा. पिनेची भोकं, घडीची रेघ किंवा फाडल्याची कड दिसली तर तो अंकातला. मागे पुठ्ठ्याला चिकटवलेला असेल तर काहीच कळणार नाही, सरळ परत करा. अख्खा अंक असेल तर मात्र लिनोकट असलेल्या पानासमोर आम्लमुक्त पातळ कागद घाला, शाई जाड असते आणि समोरच्या पानावर उतरते.